ज्यांचे चित्रण होते त्यांचीही सुनावणी व्हावी

प्रति,
अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,
ऑफकॉम, लंडन.

विषय : ट्रॅव्हलर व जिप्सी समाजांचे दूरचित्रवाणीवरील चित्रण आणि त्याविषयीच्या तक्रारींची कार्यपद्धती

महोदय, महोदया,

ब्रिटनमधील दूरचित्रवाणी आणि रेडिओ यांच्यावर देखरेख ठेवणारी वैधानिक संस्था या नात्याने ऑफकॉमकडे ज्या तक्रारी येतात, त्यांतील बहुतेक तक्रारी कोणा प्रेक्षकाला अमुक दृश्य वा अमुक शब्द खटकला अशा स्वरूपाच्या असतात. ट्रॅव्हलर आणि जिप्सी समाजांच्या तक्रारी या चौकटीत बसत नाहीत, कारण तेथे तक्रार करणारा हा पडद्यासमोर बसलेला नाराज प्रेक्षक नसतो, तर पडद्यावर ज्याचे चित्र रंगवले गेले आणि त्या चित्राचे परिणाम ज्याला शाळेत, बाजारात व नोकरीच्या ठिकाणी सोसावे लागतात असा समाज असतो. 2003 च्या कम्युनिकेशन्स कायद्याच्या आधारे तयार झालेली प्रसारण संहिता, म्हणजे वाहिन्यांनी काय व कसे दाखवावे याविषयीची बंधनकारक नियमावली, या फरकाची पुरेशी दखल घेत नाही, आणि तक्रारींच्या चौकशीची कार्यपद्धती तर ती मुळीच घेत नाही. हे पत्र प्रामुख्याने त्या कार्यपद्धतीविषयी आहे.

पत्र मराठी वाचकांसमोर मांडले जात असल्याने प्रथम हे समाज कोण, याचा थोडक्यात खुलासा करणे भाग आहे. ब्रिटनमधील रोमानी जिप्सी हे सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडाच्या वायव्य भागातून पश्चिमेकडे सरकत गेलेल्या लोकांचे वंशज असून त्यांची मूळ भाषा मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातील आहे. आयरिश ट्रॅव्हलर हे मात्र त्यांच्याहून वेगळे, आयर्लंडमध्येच घडलेले आणि शेल्टा नावाची स्वतःची बोली असलेले लोक आहेत. इंग्लंडमधील न्यायालयांनी जिप्सींना 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि आयरिश ट्रॅव्हलरांना 2000 मध्ये वांशिक गट म्हणून मान्यता दिली, तर खुद्द आयर्लंडमध्ये ही मान्यता मिळण्यास 1 मार्च 2017 हा दिवस उजाडावा लागला. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत 2011 साली प्रथमच ‘जिप्सी अथवा आयरिश ट्रॅव्हलर’ असा स्वतंत्र रकाना आला आणि सुमारे 58,000 लोकांनी त्यात आपली नोंद केली. याच जनगणनेतून असेही दिसले, की त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक पक्क्या घरांत वा सदनिकांत राहतात. कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे ओढून नेता येणाऱ्या फिरत्या घरात, राहणारे त्यांच्यात अल्पसंख्य आहेत. दूरचित्रवाणी पाहणाऱ्याच्या मनात हे प्रमाण नेमके उलटे असते, आणि तसे ते का असते हा या पत्राचा प्रारंभबिंदू आहे.

चॅनल फोर या सार्वजनिक मालकीच्या, परंतु जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या वाहिनीने 2010 मध्ये एका माहितीपटाच्या रूपाने आणि 2011 पासून मालिकेच्या रूपाने ‘माय बिग फॅट जिप्सी वेडिंग’ हा कार्यक्रम दाखवण्यास प्रारंभ केला. त्याचे काही भाग 80 लाखांहून अधिक लोकांनी पाहिले, म्हणजे ज्या समाजाविषयी तो होता त्याच्या एकूण संख्येच्या शंभरपटींहून अधिक प्रेक्षक त्याला लाभले. शीर्षकात जिप्सी हा शब्द असला तरी पडद्यावर बहुतांश आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबे होती, त्यामुळे दोन भिन्न समाज प्रेक्षकांच्या मनात एक झाले आणि दोघांनाही त्याचा त्रास झाला. प्रचंड घेराचे, दिव्यांनी चमकणारे विवाहपोशाख, चर्चमधील प्रथम कम्युनियनच्या विधीसाठी नवरीसारख्या नटवलेल्या लहान मुली, आणि ‘ग्रॅबिंग’ या नावाने दाखवलेली, मुलाने मुलीला जबरदस्तीने ओढून चुंबन मागण्याची कथित प्रथा, ही त्या मालिकेची ठळक दृश्ये होत. अशी कोणतीही परंपरा आपल्या समाजात नाही असे अनेक ट्रॅव्हलरांनी स्पष्टपणे सांगितले, परंतु तोपर्यंत ती लाखो घरांत त्यांची परंपरा म्हणून पोहोचली होती.

या मालिकेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. समाजाच्या चालीरीतींचा अर्थ सांगण्याचे काम तिच्यात एक तर पडद्यामागील निवेदकाकडे होते किंवा लिव्हरपूलमध्ये विवाहपोशाख शिवणाऱ्या, स्वतः ट्रॅव्हलर नसलेल्या व्यावसायिक महिलेकडे होते. ज्यांच्या घरात लग्न होते ते स्वतःविषयी बोलत होते, पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ दुसरे कोणी तरी लावत होते. संहितेतील कोणत्याही एका नियमाचा यात उघड भंग होत नाही; एकेक वाक्य तपासले तर बहुधा प्रत्येक वाक्य निर्दोष ठरेल. तरीही भागामागून भाग पाहणाऱ्याच्या मनात जे चित्र तयार होते ते असे, की हे लोक स्वतःचे स्पष्टीकरण देण्यास असमर्थ आहेत आणि त्यांचे जीवन हे दुसऱ्यांनी पाहायचे प्रदर्शन आहे. एकेक प्रसंग सुटा करून तपासणारी चौकशी अशा साचत जाणाऱ्या परिणामापर्यंत पोहोचूच शकत नाही.

याच मालिकेच्या संदर्भात ब्रिटनमधील दोन नियामक यंत्रणांनी कसा वेगवेगळा विचार केला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. 2012 मध्ये मालिकेच्या नव्या पर्वासाठी रस्तोरस्ती जे फलक लागले त्यांवर ‘बिगर. फॅटर. जिप्सिअर.’ असे तीन शब्द होते. एका फलकावर ओठ घट्ट मिटून थेट कॅमेऱ्याकडे पाहणारा मुलगा होता आणि त्या चेहऱ्यावरच हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले होते; दुसऱ्यावर तोकड्या कपड्यांतील तरुण मुली होत्या. म्हणजे एका जमातीच्या नावाचे तुलनावाचक विशेषण करून ते एका अल्पवयीन मुलावर चिकटवले गेले होते. जाहिरातींचे स्वनियमन करणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे या फलकांविषयी 372 तक्रारी आल्या. त्या संस्थेने आरंभी औपचारिक चौकशीची आवश्यकता नाही असे ठरवले होते. परंतु तिच्या रचनेत एक स्वतंत्र पुनर्विलोकनकर्ता असतो, आयरिश ट्रॅव्हलर मूव्हमेंट इन ब्रिटन या संघटनेने त्याच्याकडे दाद मागितली, प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ऑक्टोबर 2012 मध्ये त्यांतील काही जाहिराती अपमानकारक व बेजबाबदार असल्याचा निर्णय झाला. ज्यांचे चित्रण झाले त्यांना पहिल्या नकारानंतरही बोलण्याची जागा मिळाली म्हणून निर्णय बदलला, ही गोष्ट मंडळाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढे ट्रॅव्हलर मूव्हमेंट या नावाने काम करणाऱ्या याच संघटनेने मालिकेविरुद्ध ऑफकॉमकडे सविस्तर तक्रार केली. समाजाविषयी रूढ साचे पक्के होणे, मुलींचे लैंगिक अंगाने केलेले चित्रण आणि अल्पवयीन मुलांच्या हिताची उपेक्षा, असे तिचे स्वरूप होते. ऑफकॉमने चौकशी केली, प्राथमिक मत तयार केले, ते वाहिनीकडे अभिप्रायासाठी पाठवले आणि अखेरीस नियमभंग झाला नसल्याचा निर्णय दिला. प्राथमिक मत, म्हणजे अंतिम निर्णयापूर्वीचा कच्चा मसुदा, वाहिनीने वाचला. तक्रारदार संघटनेला तो दाखवला गेला नाही. या विषम वागणुकीला संघटनेने उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि फेब्रुवारी 2015 मध्ये ते फेटाळले गेले.

न्यायालयापुढे मांडला गेलेला युक्तिवाद येथे प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. ऑफकॉमकडील तक्रारींचे दोन प्रकार आहेत. अन्याय्य वागणूक किंवा खासगीपणाचा भंग याविषयीच्या तक्रारीत, 1996 च्या ब्रॉडकास्टिंग कायद्यानुसार, प्रत्यक्ष बाधित व्यक्ती आणि वाहिनी असे दोन पक्ष असतात, म्हणून प्राथमिक मत दोघांनाही दाखवले जाते. मानकांविषयीच्या तक्रारीत, म्हणजे हानी, अपमान, मुलांचे संरक्षण अशा सर्वसाधारण नियमांच्या बाबतीत, तक्रारदार हा पक्ष नसून केवळ लक्ष वेधणारा असतो असे मानले जाते. नियामक सर्व जनतेच्या वतीने चौकशी करतो, आणि दंड वा नामुष्की ओढवण्याची शक्यता फक्त वाहिनीवर असते, म्हणून उत्तर देण्याची संधीही तिलाच दिली जाते. कायद्याच्या दृष्टीने ही मांडणी टिकली.

परंतु न्यायालयाने ही पद्धत बेकायदा नाही एवढेच सांगितले; तीच पद्धत चालू राहिली पाहिजे असे सांगितले नाही. कार्यपद्धती ऑफकॉम स्वतः लिहिते आणि वेळोवेळी स्वतःच सुधारते. तिच्यात आजही निवेदक, निर्माते, दिग्दर्शक यांसारख्या, निर्णयाचा थेट परिणाम होऊ शकणाऱ्या त्रयस्थांना म्हणणे मांडण्याची मुभा ठेवलेली आहे. ज्या मालिकेचे शीर्षकच एका जमातीच्या नावावर उभे आहे, तिच्या बाबतीत त्या जमातीवर निर्णयाचा परिणाम दिग्दर्शकापेक्षा कमी थेट होतो असे म्हणणे कोणत्या आधारावर शक्य आहे? दिग्दर्शक पुढच्या वर्षी दुसऱ्या विषयाकडे वळू शकतो. ट्रॅव्हलर कुटुंबातील मुलीला आपले आडनाव आणि बोलण्याची ढब घेऊन त्याच वर्गात बसावे लागते.

या मुलीचा विचार संहितेत कोठे आहे, हे तपासले तर अडचण अधिक स्पष्ट होते. अठरा वर्षांखालील जी मुले कार्यक्रमात भाग घेतात त्यांच्या शारीरिक व भावनिक हिताची आणि प्रतिष्ठेची काळजी घेणे वाहिनीवर बंधनकारक आहे, आणि आईवडिलांनी संमती दिली असली तरी ही जबाबदारी सुटत नाही. हा नियम चांगला आहे. 2021 मध्ये प्रौढ सहभागींच्या हिताविषयीचे नियमही संहितेत आले, तेही स्वागतार्ह आहेत. मात्र या सर्वांचे संरक्षण कॅमेऱ्यासमोर आलेल्यांपुरते मर्यादित आहे. जी मुले कोणत्याही कार्यक्रमात नव्हती, पण ज्यांना दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर त्या कार्यक्रमातील वाक्ये ऐकावी लागली, त्यांच्यासाठी उरतो तो अपमानकारक मजकुराविषयीचा नियम, आणि त्यात मुख्य कसोटी संदर्भाची आहे. संदर्भ म्हणजे कार्यक्रमाचे स्वरूप, वाहिनी, प्रसारणाची वेळ आणि प्रेक्षकांच्या संभाव्य अपेक्षा. यांतील शेवटचा घटक विशेष चिंताजनक आहे, कारण एखाद्या समाजाला तुच्छतेने पाहण्याची सवय प्रेक्षकांना जितकी अधिक लागेल तितके ते चित्रण त्यांच्या अपेक्षेशी जुळणारे ठरेल. ब्रिटनच्या समता व मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 44 टक्के लोकांनी जिप्सी, रोमा आणि ट्रॅव्हलर यांच्याविषयी उघड नकारात्मक भावना व्यक्त केल्या होत्या. ज्या समाजाविषयी जनमत असे आहे, त्याच्या बाबतीत जनतेची अपेक्षा हे मोजमाप वापरणे म्हणजे पूर्वग्रहालाच पंच नेमण्यासारखे आहे.

काळाचा संदर्भही विसरता येत नाही. मालिकेचे पहिले पर्व ज्या वर्षी गाजले त्याच वर्षी, 19 ऑक्टोबर 2011 रोजी, एसेक्स परगण्यातील डेल फार्म येथे दंगलविरोधी पोलिसांच्या बंदोबस्तात ट्रॅव्हलर वस्ती उठवण्यास सुरुवात झाली. सुमारे 80 कुटुंबे राहत होती ती जागा ट्रॅव्हलरांच्याच मालकीची होती, परंतु तेथे राहण्याची नियोजन परवानगी नव्हती. स्थानिक संस्थांनी अशा कुटुंबांसाठी जागा पुरवण्याचे 1968 च्या कायद्याने घातलेले बंधन 1994 मध्ये काढून टाकले गेले, तेव्हापासून या समाजापुढील मुख्य प्रश्न राहावे कोठे हा आहे. आयर्लंडमध्ये 2010 साली पूर्ण झालेल्या आरोग्य अभ्यासात ट्रॅव्हलर पुरुषांचे सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे 15 वर्षांनी कमी आणि त्यांच्यातील आत्महत्यांचे प्रमाण साडेसहा पटींहून अधिक आढळले. लग्नातील पोशाखाचा घेर प्रेक्षकांना पाठ झाला, पण ही वस्तुस्थिती त्यांच्यापर्यंत तितक्या जोमाने कधीच गेली नाही. सांस्कृतिक विविधता असलेल्या समाजाच्या अभिरुचीला व हिताला न्याय देणे ही ज्या वाहिनीची कायद्याने ठरवलेली जबाबदारी आहे, तिच्या बाबतीत तरी हा असमतोल नियामकाला दिसला पाहिजे होता.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल, की अशा मागण्यांमुळे पत्रकारितेची मुस्कटदाबी होईल. ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर देणे आवश्यक आहे. ट्रॅव्हलर समाजातील मुलींचे शिक्षण लवकर सुटणे, घरगुती हिंसा, एखाद्या टोळीने केलेले गुन्हे, यांवर कार्यक्रम झालेच पाहिजेत. तसे न होणे त्या समाजातील दुबळ्यांवर अन्याय करणारे ठरेल. मात्र चॅनल फोरच्या ‘डिस्पॅचेस’ या शोधपत्रकारितेच्या मालिकेत एप्रिल 2020 मध्ये दाखवल्या गेलेल्या भागाचे नावच ‘द ट्रुथ अबाउट ट्रॅव्हलर क्राइम’ असे होते. त्या भागातील माहितीची चर्चा येथे पूर्णपणे बाजूला ठेवली, तरी गुन्हा या शब्दाआधी वांशिक गटाचे नाव विशेषण म्हणून लावण्याचा हा प्रकार ज्यू, कृष्णवर्णीय वा भारतीय समाजाच्या बाबतीत आज कोणत्या वाहिनीने केला असता, हा प्रश्न उरतोच. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली एका समाजासाठी वेगळी मोजपट्टी वापरली जाते, आक्षेप आहे तो त्याला.

हा विषय महाराष्ट्रातून मांडला जाण्याला कारण आहे. ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये भारतात गुन्हेगार जमाती कायदा केला आणि संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. पारधी, कैकाडी, बेरड अशा अनेक जमातींच्या वाट्याला पोलिसांची हजेरी आणि तारेच्या कुंपणातील वसाहती आल्या. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, म्हणून आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, परंतु कायद्याने लावलेला शिक्का लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. या जमातींचे जीवन त्यांच्याच लेखणीतून मराठी वाचकांसमोर यायला लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ प्रसिद्ध होईपर्यंत थांबावे लागले, आणि तोवर त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेलेच खरे मानले गेले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील भिक्षुक होते. ती अफवा दूरचित्रवाणीवरून नव्हे, तर मोबाइलवरील संदेशांतून पसरली होती. पण अनोळखी भटका दिसला की तो मुले चोरणाराच असणार, हे मानण्याची तयारी त्या संदेशांनी निर्माण केली नव्हती. ती आधीपासून होती. युरोपातही जिप्सी मुले पळवतात हा समज शतकानुशतके चालत आलेला आहे. चित्रणाचा प्रश्न हा रुचीचा नसून सुरक्षिततेचा आहे, हे महाराष्ट्राला फार मोठी किंमत मोजून कळले आहे.

आता या प्रश्नाला नवे निमित्त मिळाले आहे. नेटफ्लिक्सवर डिसेंबर 2021 मध्ये आलेल्या विनोदकार जिमी कार यांच्या कार्यक्रमात नाझींनी केलेल्या जिप्सींच्या हत्याकांडावर जो विनोद होता, त्यावरून पुढील फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये वादळ उठले. तेव्हा असे दिसून आले, की ही सेवा ऑफकॉमच्या प्रसारण संहितेच्या कक्षेतच येत नाही. त्यानंतर 24 मे 2024 रोजी संमत झालेल्या मीडिया कायद्याने मागणीनुसार कार्यक्रम पुरवणाऱ्या मोठ्या सेवांसाठी स्वतंत्र संहिता तयार करण्याची जबाबदारी ऑफकॉमवर सोपवली. नवी संहिता आणि तिच्याखालील तक्रारींची नवी कार्यपद्धती अशी दोन्ही कामे ज्या काळात हाती आहेत, त्याच काळात जुन्या पद्धतीतील दोष दूर करणे सर्वांत सोपे असते.

म्हणून मंडळाला विनंती अशी, की ज्या कार्यक्रमाचा विषयच एखादा संरक्षित वांशिक गट आहे, त्याच्याविषयी मानकांची चौकशी सुरू झाल्यास त्या गटाच्या प्रातिनिधिक संघटनेला थेट परिणाम होणारा त्रयस्थ मानावे आणि प्राथमिक मत वाहिनीला ज्या दिवशी पाठवले जाईल त्याच दिवशी, तितक्याच मुदतीसाठी, त्या संघटनेलाही पाठवावे. मालिका असेल तर एकेका भागाबरोबर संपूर्ण मालिकेचा एकत्रित परिणामही तपासावा आणि निर्णयपत्रात त्याची कारणे लिहावीत. तक्रारीसाठी आज प्रसारणापासून 20 कामकाजाच्या दिवसांची मुदत अपेक्षित आहे, ती अशा प्रकरणांत वाढवावी, कारण एखाद्या कार्यक्रमाचा वस्तीवर, शाळेत आणि कामाच्या ठिकाणी होणारा परिणाम महिन्याभरात गोळा करता येत नाही आणि वकील व लेखनिक पदरी असलेली वाहिनी आणि मोजक्या कार्यकर्त्यांवर चालणारी संघटना यांना एकच घड्याळ लावणे न्याय्य नाही. यांपैकी कशासाठीही संसदेत नवा कायदा करावा लागत नाही; कार्यपद्धतीच्या मसुद्यावर जाहीर सल्लामसलत घेऊन मंडळ हा बदल स्वतःच्या अधिकारात करू शकते, आणि त्या सल्लामसलतीत पहिली बैठक ट्रॅव्हलर, जिप्सी व रोमा संघटनांबरोबर, त्यांना सोयीच्या जागी, घेतली जावी.

कळावे.